टेबलाखालचा सर्व्हर आणि पावसाळ्याआधीची शाकारणी

गेल्या ऑक्टोबरात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चा सपोर्ट संपला. पेपरात आलं, टीव्हीवर आलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर "उद्यापासून तुमचा कॉम्प्युटर बंद" असले मेसेज फिरले आणि मी कुडाळात बसून दिवसभर फोन घेत होतो. वेंगुर्ल्याच्या बाजूला एक काजू कारखानदार आहेत, मी त्यांना काका म्हणतो, त्यांनी ते फारच मनावर घेतलं आणि ऑफिसातले सहाच्या सहा पीसी बदलून टाकले. बसवायला मीच गेलो. काम आटपून चहा घेत होतो तर मागच्या खोलीत लक्ष गेलं. टेबलाखाली, बारदानांच्या गठ्ठ्याला टेकून एक काळा डबा घरघरत होता. सर्व्हर. त्यावर विंडोज सर्व्हर २०१२ आर२, म्हणजे सर्व्हरसाठीची जुनी विंडोज. सहा नवेकोरे पीसी, आणि त्या सहांचा सगळा हिशोब ह्या एका डब्यात.

म्हटलं, काका, ह्याचं काय?

"तो चलता हा मा, मगे तेका कित्याक हात लावतंस?"

चालतोय ना, मग हात कशाला लावायचा, ह्या एका वाक्याला उत्तर द्यायचं म्हणून हे एवढं लिहितोय, कारण हेच वाक्य मला मालवणच्या हॉटेलात ऐकू येतं, रत्नागिरीच्या आंबा कॅनिंगवाल्यांकडे ऐकू येतं, पतपेढीत ऐकू येतं, फक्त बोली बदलते.

## सर्व्हर म्हणजे काय आणि त्यातली ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय

सर्व्हर म्हणजे काही अवकाशयान नव्हे. ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना जे सामायिक लागतं, टॅलीचा डेटा, बिलांची फोल्डर, हजेरीचं सॉफ्टवेअर, स्कॅन केलेली कागदपत्रं, ते ज्या एका मशीनवर ठेवलेलं असतं ते मशीन म्हणजे सर्व्हर. ते चोवीस तास चालू असतं आणि त्याच्यासमोर सहसा कोणी बसत नाही, म्हणून ते कोणाच्या लक्षातही राहत नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम, पुढे नुसतं ओएस म्हणतो, ही त्या मशीनवरचा तांडेल. बोटीवर खलाशी थेट इंजिनाला हात लावत नाहीत, कोणी कधी जाळं टाकायचं, कधी ओढायचं, डिझेल किती जाळायचं हे तांडेल ठरवतो. तसंच टॅली काय किंवा दुसरं सॉफ्टवेअर काय, ते थेट डिस्कला किंवा प्रिंटरला काही सांगत नाही, ओएसला सांगतं आणि ओएस पुढे ते काम करून घेते. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला दारात अडवायचं हेही तीच बघते, आणि हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा आहे.

एक जाता जाता. बऱ्याच छोट्या ऑफिसात ज्याला सर्व्हर म्हणतात तो मुळात साधा डेस्कटॉपच असतो, विंडोज १० टाकलेला. चालतो, नाही असं नाही. पण साध्या विंडोजला एका वेळी २० च मशीन जोडता येतात, आणि तुमचा "सर्व्हर" तसला असेल तर त्याची मुदत वर म्हटलं तशी संपलेली आहे, तुम्हाला पुढचं सगळं दुप्पट लागू. तपासायचं सोपं आहे, स्टार्ट दाबून विनव्हर (winver) टाईप करा, नाव आणि वर्ष समोर येतं.

## अपडेट आणि अपग्रेड, दोन्ही एक नव्हेत

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. कौलारू घर असलेल्यांना लगेच कळेल. दरवर्षी मे महिन्यात आपण घर शाकारतो, आमच्याकडे नळे परतणं म्हणतात. फुटकी कौलं काढायची, नवी घालायची, सरकलेली नीट बसवायची. हे झालं अपडेट. मायक्रोसॉफ्ट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी हे काम करतं, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. ओएसमध्ये सापडलेली भोकं, म्हणजे बाहेरच्याला आत शिरू देणाऱ्या चुका, बुजवणारे हे जे तुकडे येतात त्यांना पॅच म्हणतात.

पण वीस-पंचवीस वर्षांनी एक मे महिना असा येतो की सुतार वर चढतो, वाशाला अंगठा दाबतो आणि अंगठा आत जातो. वाळवी. तेव्हा कौलं परतून भागत नाही, वासे, रिपा, आढं सगळं उतरवून नवीन घालावं लागतं. हे अपग्रेड. विंडोज सर्व्हर २०१२ वरून २०२५ वर जाणं म्हणजे छप्पर उतरवणं.

आणि छप्पर उतरवताना कठीण काय असतं? लाकूड नव्हे, लाकूड विकत मिळतं. कठीण असतं ते खालचं सामान, माळ्यावरचे पेटारे, भिंतीवरून गेलेल्या वायरी, कोणीतरी वीस वर्षांपूर्वी वाशाला बांधून ठेवलेला पाळणा. सर्व्हरचंही शंभर टक्के हेच आहे, पण त्यावर नंतर येतो.

## सपोर्ट संपला म्हणजे मशीन बंद पडतं का?

नाही. काका त्या बाबतीत बरोबर आहेत, चलता हा. सपोर्ट संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन तसंच सुरू होतं, तितकंच हळू किंवा तितकंच फास्ट.

संपतं ते फक्त एक, नवे पॅच येणं. विंडोज सर्व्हरचं साधारण गणित दहा वर्षांचं असतं, पहिली पाच वर्षं सगळं मिळतं, पुढची पाच वर्षं मुख्यतः सुरक्षेचे पॅच मिळतात, मग हात वर. २०१२ आणि २०१२ आर२ चा सपोर्ट १० ऑक्टोबर २०२३ ला संपला. त्यानंतर पैसे भरून तीन वर्षं जादा पॅच घ्यायची सोय ठेवली होती, तीही १३ ऑक्टोबर २०२६ ला संपतेय, आणि खरं सांगायचं तर मी ज्यांच्याकडे जातो त्यातल्या एकानेही ती घेतलेली नाही. २०१६ ची तारीख आहे १२ जानेवारी २०२७. २०१९ वाल्यांना ९ जानेवारी २०२९ पर्यंत वेळ आहे, २०२२ वाले १४ ऑक्टोबर २०३१ पर्यंत निवांत, आणि २०२५ ची गाडी २०३४ पर्यंत.

आता पॅच नाही आले तर काय बिघडतं? हे नीट समजून घ्या, कारण इथे एक विचित्र गोष्ट होते. ओएसच्या नव्या आवृत्त्या जुन्यांवरूनच बनतात, म्हणजे २०२२ च्या आवृत्तीत सापडलेलं भोक बऱ्याचदा २०१२ च्या आवृत्तीतही तसंच असतं. नव्या आवृत्तीला पॅच आला की हल्लेखोर तो उघडून बघतात, आधी काय होतं आणि आता काय बदललं, आणि त्यावरून भोक नेमकं कुठे होतं ते त्यांना कळतं. म्हणजे कुलूप कंपनीने जाहीर करावं की अमुक मॉडेलचं कुलूप खिळ्याने उघडतं, नवीन गिऱ्हाईकांना आम्ही बदलून देतोय, आणि तुमच्या दाराला तेच जुनं कुलूप. कालपर्यंत ते चोरालाही माहीत नव्हतं, आज छापून आलंय. प्रत्येक महिन्याचा दुसरा मंगळवार नव्या सर्व्हरला सुरक्षित करतो आणि त्याच रात्री जुना सर्व्हर थोडा आणखी उघडा पडतो.

## "आमच्या काजूत कोणाला काय इंटरेस्ट?"

हा दुसरा ठरलेला प्रश्न. लोकांना वाटतं हॅकर म्हणजे कोणीतरी माणूस, तो ठरवणार की आज वेंगुर्ल्याच्या कारखान्यात शिरू. तसं नसतं ओ. प्रोग्रॅम सोडून दिलेले असतात, ते पापलेट की बांगडा बघत नाहीत, जाळ्यात येईल ते ओढतात.

१२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचं रॅन्समवेअर पसरलं. रॅन्समवेअर म्हणजे तुमच्या सगळ्या फाईलींना कुलूप घालून चावीसाठी पैसे मागणारा व्हायरस. दीडशेच्या आसपास देशांत तो पोचला, ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत हजारो अपॉइंटमेंट रद्द झाल्या, आपल्याकडे आंध्रात पोलिसांचे कॉम्प्युटर अडकले. आणि गंमत बघा, ज्या भोकातून तो शिरला त्याचा पॅच १४ मार्च २०१७ ला, म्हणजे दोन महिने आधीच आलेला होता. ज्यांनी लावला ते वाचले. ज्यांची ओएस इतकी जुनी होती की पॅच बनलाच नव्हता त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने हल्ल्यानंतर घाईघाईने वेगळा पॅच काढला, पण दर वेळी कोणी तसं करेल ह्या भरवशावर धंदा चालवणार का?

आणखी जवळचं उदाहरण हवं तर ३१ जुलै २०२४. देशातल्या लहान बँकांना तांत्रिक सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि सुमारे ३०० छोट्या बँका, त्यात सहकारी आणि ग्रामीण, पेमेंटच्या मुख्य जाळ्यातून तात्पुरत्या बाजूला काढाव्या लागल्या. तो जुन्या ओएसमुळेच झाला असं मी म्हणत नाही. पण छोट्यांना कोण विचारतो, हे म्हणणं त्या दिवशी खोटं ठरलं.

शिवाय असं काही झालं तर ते सर्ट-इन ह्या सरकारी यंत्रणेला कळल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं, एप्रिल २०२२ मध्ये निघालेला नियम आहे. किती जणांना माहीत आहे?

## बरं, नेटच काढून टाकलं तर?

हुशार माणसं हे विचारतात आणि विचार चुकीचा नाही. पण करून बघा. ज्यांची उलाढाल ५ कोटींच्या वर आहे त्यांना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस लागतंच, ई-वे बिल आहे, बँक आहे, एक्स्पोर्टवाल्यांचं सगळं ऑनलाइन. सर्व्हरचं नेट काढलं तरी सर्व्हरला जोडलेल्या पीसींना नेट असतं. वॉनाक्राय एका मशीनमध्ये शिरला की ऑफिसच्या आतल्या वायरीतूनच शेजारच्या मशीनवर उडी मारायचा, त्याला परत नेट लागत नव्हतं. आणि पेन ड्राइव्ह? भाच्याच्या लग्नाचे फोटो प्रिंट करायला कोणीतरी लावतोच.

अँटीव्हायरस म्हणजे गेटवरचा राखणदार. चांगला असतो, ठेवाच. पण मागची भिंत पडलेली असेल तर तो गेटवर बसून करणार काय.

## तर मग करायचं कसं: त्याच घरात राहून की शेजारी नवीन बांधून?

दोन रस्ते. पहिला, मशीन तेच, त्याच ओएसवर नवी ओएस चढवायची. सामान जागेवर, वरचं छप्पर बदललं. ह्याला इन-प्लेस म्हणतात. विंडोज सर्व्हर २०२५ वर तर २०१२ आर२ पासून थेट उडी मारता येते, पूर्वी मधे एखादा मुक्काम करावा लागायचा. पण २०२२ वर जायचं असेल तर २०१६ किंवा २०१९ असावं लागतं, २०१२ आर२ वरून थेट जमत नाही. लिनक्सवाल्यांसाठी (ही विंडोजऐवजीची दुसरी ओएस, उबंटू आणि सेंटओएस हे तिचे प्रकार) एका ओळीत, उबंटूमध्ये लांब मुदतीच्या एका आवृत्तीवरून लगेच पुढच्याच लांब मुदतीच्या आवृत्तीवर जाता येतं, मधली टाळता येत नाही, आणि सेंटओएस ७ चा खेळ ३० जून २०२४ ला संपलाय, तिथे आता अल्मा किंवा रॉकी ह्या तिच्यासारख्याच प्रकारांकडे सरकायचं.

दुसरा रस्ता, शेजारी नवीन मशीन लावायचं, त्यावर नवी ओएस कोरी टाकायची आणि एकेक सामान तिकडे न्यायचं. जुनं घर तोपर्यंत उभं.

माझं मत विचाराल तर मशीन सात-आठ वर्षांचं असेल तर दुसराच रस्ता घ्या. इन-प्लेस स्वस्त वाटतं, पण जुनी वाळवी थोडी सोबत येते, म्हणजे दहा वर्षांत कोणीकोणी टाकलेली सॉफ्टवेअरं, अर्धवट काढलेले ड्रायव्हर (प्रिंटर-स्कॅनर चालवणारी छोटी सॉफ्टवेअरं), कोणाला आठवत नाहीत असे युजर. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, अपग्रेड मधेच अडकलं तर ते बहुतेक वेळा आपसूक मागे फिरतं, पण एकदा पूर्ण झाल्यावर "नको, जुनंच बरं होतं" म्हणायला बटण नसतं. मग मागे जायचा एकच रस्ता, बॅकअप. वर समुद्राची खारी हवा. किनाऱ्यावरच्या सर्व्हरचं झाकण उघडून बघा, स्क्रूवर गंज, पंख्यावर चिकट थर, हे मशीन अजून सात वर्षं ओढायचं का ह्याचं उत्तर तिथेच मिळतं.

ज्या सर्व्हरवर ऑफिसातल्या सगळ्यांची लॉगिनं सांभाळली जातात, त्याला डोमेन कंट्रोलर म्हणतात, तिथे तर इन-प्लेसच्या भानगडीत पडूच नका, नवा शेजारी उभा करा, जबाबदाऱ्या त्याच्याकडे सोपवा, मग जुन्याला निवृत्त करा. हे काम जाणकारालाच द्या.

## खरी डोकेदुखी खालच्या सामानाची

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण अपग्रेड फसतं ते इथे फसतं. ओएस चढवायला दोन-तीन तास लागतात. त्यानंतर सकाळी साडेनऊला ऑफिस उघडतं आणि मग एकेक फोन सुरू होतो.

स्कॅनरचं बघा. ऑफिसात एक मोठं जुनं झेरॉक्स मशीन असतं, त्यावर कागद ठेवला की स्कॅन थेट सर्व्हरच्या फोल्डरमध्ये जातं. हे जाण्यासाठी ते मशीन एसएमबी नावाची भाषा बोलतं, आणि जुनी मशीनं तिची पहिली आवृत्ती बोलतात. वॉनाक्राय नेमका ह्याच पहिल्या आवृत्तीच्या भोकातून शिरला होता, म्हणून विंडोज सर्व्हर २०१९ पासून ती मुळात घातलेलीच नसते. म्हणजे अपग्रेड केलं, सगळं झकास, आणि फक्त स्कॅन येत नाही. मग कोणीतरी यूट्यूब बघून ती जुनी आवृत्ती परत चालू करतो आणि ज्यासाठी एवढा खर्च केला तेच भोक स्वतःच्या हाताने पाडतो. स्कॅनरचं फर्मवेअर, म्हणजे त्याच्या आतलं सॉफ्टवेअर, बदलून बघा, नाहीतर स्कॅन ईमेलवर घ्या, पण ते करू नका.

डेटाबेसही विसरतात. बिलिंग किंवा हजेरीच्या सॉफ्टवेअरखाली बऱ्याचदा एसक्यूएल सर्व्हर असतो, हे मशीन नव्हे, माहिती साठवणारं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, आणि त्याची मुदत वेगळी चालते. एसक्यूएल सर्व्हर २०१४ चा सपोर्ट ९ जुलै २०२४ ला गेला, २०१६ चा १४ जुलै २०२६ ला जातोय. छप्पर नवीन आणि खालचा खांब कुजका, असं होतं.

मग डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचा ड्रायव्हर. यूएसबीला लावायचा डोंगल, ज्याशिवाय सॉफ्टवेअर उघडत नाही. हजेरीचं बोटाचा ठसा घेणारं यंत्र, ज्याचं सॉफ्टवेअर बनवणारा मुलगा पुण्याला गेला आणि त्याचा नंबर आता लागत नाही. मालवणात एका हॉटेलात सर्व्हर बदलला तेव्हा सगळं तपासलं होतं, यादी केली होती, आणि तरी तिसऱ्या दिवशी कळलं की किचनमधला ऑर्डरचा छोटा प्रिंटर जुन्या सर्व्हरच्या आयपी पत्त्याला, म्हणजे नेटवर्कवरच्या त्याच्या नंबराला, बांधलेला आहे. म्हणजे ऑर्डर घेतली जात होती आणि किचनला कळत नव्हती. शनिवार होता. सुरमईची थाळी मागून बसलेली वीस माणसं आणि आचारी आत निवांत तंबाखू मळतोय. ती यादी करताना मी मॅनेजरला विचारलं होतं, आचाऱ्याला विचारलं नव्हतं.

म्हणून यादी करताना प्रत्येक टेबलावर जाऊन बसा, रोज सकाळी काय उघडता, महिन्यातून एकदा काय करता, वर्षातून एकदा काय करता असं विचारा. वर्षातून एकदाची गोष्टच घात करते.

आणि रंगीत तालीम करा. नाटकवाल्यांच्या मुलखात हे समजवायला नको. डिस्कटूव्हीएचडी नावाचं मायक्रोसॉफ्टचं फुकट साधन आहे, त्याने चालू सर्व्हरची हुबेहूब नक्कल एका फाईलमध्ये घेता येते आणि ती दुसऱ्या मशीनवर आभासी कॉम्प्युटर म्हणून चालवता येते. आधी त्या नकलेवर अपग्रेड करा, जे फुटायचं ते तिथे फुटू दे. फक्त ती नक्कल ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका, एकाच नावाचे दोन सर्व्हर उभे राहिले की भुताटकी सुरू होते. नवीन कोरी ओएस लावून बघायची असेल तर विंडोज सर्व्हर १८० दिवस चाचणीसाठी फुकट मिळतो, तेवढ्यात दोन तालमी आरामात होतात.

## "बॅकअप आहे ना" असं कोण म्हणालं?

सगळेच म्हणतात. मी विचारतो, शेवटचा परत काढून कधी बघितलात? मग शांतता.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी घुसलं ते आठवतंय ना. ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडे बॅकअप रोज व्हायचा, अगदी शिस्तीत, एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर. डिस्क सर्व्हरच्या शेजारीच, त्याच टेबलावर. दोघंही चिखलातून एकत्रच बाहेर निघाले. त्या माणसाने चुकीचं काहीच केलं नव्हतं, डिस्क फक्त दोन मजले वर किंवा दुसऱ्या घरी हवी होती.

म्हणून जुना नियम आहे, डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या जागी, आणि त्यातली एक गावाबाहेर. सतत जोडून ठेवलेली डिस्क रॅन्समवेअरही खातो, म्हणून एक तरी काढून ठेवलेली हवी. आणि दोन डिस्कवर एकाच वेळी लिहिणारी ती रॅइड नावाची सोय म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर ती वाचवते, पण कोणी चुकून फोल्डर उडवलं तर दोन्हीकडून इमानदारीत उडवते.

## पण अपडेटनेच बंद पडलं तर?

ह्या शंकेला मी हसत नाही. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक ह्या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या एका चुकीच्या अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज मशीनं निळ्या स्क्रीनवर गेली, आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. ते विंडोजचं अपडेट नव्हतं, पण बंद पडलेल्याला त्याचं काय. त्याच वर्षी नोव्हेंबरात काही ठिकाणी २०१९ आणि २०२२ चे सर्व्हर कोणी न सांगता २०२५ वर गेले, बाहेरच्या काही पॅच लावणाऱ्या साधनांनी ते साधं अपडेट समजून लावून टाकलं होतं.

म्हणून अपडेट बंद ठेवायचे का? नाही. आठवडाभर थांबा, दुसऱ्यांचं काय होतंय बघा, मग शनिवारी संध्याकाळी बॅकअप घेऊन लावा. वादळाचा इशारा असताना समुद्रात जात नाहीत, म्हणून बोट कायमची वर ओढून ठेवत नाहीत.

## खर्च आणि क्लाउड

दर मी इथे लिहीत नाही, बदलत असतात. पण हिशोबात काय धरायचं ते सांगतो, कारण कोटेशनमध्ये ते कधीकधी लपतं. विंडोज सर्व्हरचं लायसन प्रोसेसरच्या कोअरवर, म्हणजे त्यातल्या काम करणाऱ्या भागांवर, मोजतात आणि कमीत कमी १६ कोअरचं घ्यावंच लागतं. त्याशिवाय सर्व्हरला जोडणाऱ्या प्रत्येक माणसासाठी किंवा मशीनसाठी वेगळा परवाना लागतो, त्याला कॅल म्हणतात, आणि जुन्या आवृत्तीचे कॅल नव्या सर्व्हरला चालत नाहीत. हे कोणी सांगत नाही, बिल आल्यावर कळतं. ऑफिस छोटं असेल, २५ माणसं आणि ५० मशीनच्या आतलं, तर नव्या सर्व्हरसोबत येणारी इसेन्शिअल्स आवृत्ती विचारा, तिला कॅल लागत नाहीत.

आणि "सगळं क्लाउडवर टाकूया" म्हणणाऱ्या, म्हणजे सगळं नेटवरून दुसऱ्याच्या मशीनवर ठेवू म्हणणाऱ्या, पुतण्याला दोन प्रश्न विचारा. हायवेच्या कामात केबल तुटली आणि दोन दिवस नेट नाही, तर बिलं कशी काढायची? आणि क्लाउडवर भाड्याने घेतलेल्या सर्व्हरची ओएस कोण अपग्रेड करणार? भाड्याचं घर असलं तरी तिथेही ते काम बहुतेक वेळा आपल्यालाच करावं लागतं. ईमेल, बॅकअपची एक प्रत, हे क्लाउडवर जरूर न्या. रोजचं बिलिंग नेताना दहादा विचार करा.

## कधी?

आता तारखा परत बघा, पण कोकणच्या कॅलेंडरवर ठेवून. २०१६ वाल्यांची मुदत १२ जानेवारी २०२७. कागदावर भरपूर वेळ दिसतो. पण सप्टेंबरात गणपती, तेव्हा इथे कोणी सर्व्हर सोडा, फोन उचलत नाही. मग दिवाळी. नोव्हेंबर-डिसेंबर हॉटेलवाल्यांचा सीझन. जानेवारीत मुदत संपली की पुढे आंबा आणि काजूची बी, मे संपेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नाही.

उरतं काय? जून आणि जुलै. मासेमारी बंद, बोटी वर ओढलेल्या, आंबा संपलेला, पर्यटक नाहीत. खलाशी ह्याच दोन महिन्यांत बोटीच्या फटी बुजवतात, इंजिन खोलतात. मोकळ्या दिवसांतलं काम आहे ते, आणि सर्व्हरचंही तसंच. फक्त पावसात लाईट जाते, म्हणून अपग्रेडच्या दिवशी यूपीएसची बॅटरी नवी हवी किंवा जनरेटर हवा. छप्पर अर्धं उतरवलेलं असताना पाऊस यावा तसं होतं ते, अर्ध्यात लाईट गेली की.

काकांचं ठरलंय. जूनच्या दुसऱ्या शनिवारी तालीम, चौथ्या शनिवारी खरं काम, नवीन मशीन, तेही टेबलावर, बारदानांपासून लांब. जुन्या डब्याचं काय करायचं असं त्यांनी विचारलं, भंगारवाला येणार होता. म्हटलं थांबा. कंपनीला हिशोबाची पुस्तकं आठ वर्षं ठेवावी लागतात, जीएसटीवाले वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने मागू शकतात, आणि वर्षातून एकदाच उघडायची ती फाईल आपण यादीत विसरलेलो असणार हे मला आत्ताच माहीत आहे. वायर काढून, वर तारीख चिकटवून तो माळ्यावर ठेवायचा, ३१ मार्चचं क्लोजिंग होईपर्यंत.

"आणि तेच्यार ह्या बारदान घालू मा?" काका म्हणाले.

घाला म्हटलं.